मी खोलीत नसताना

मॅडम,

तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली आहेत की दौंडच्या तुमच्या घरात राहणाऱ्यांना तुमचं नावसुद्धा ठाऊक नाही. मध्यंतरी मुद्दाम त्या गल्लीतून गेले होते. दाराला नवा रंग, ओट्यावर लावलेली मोटरसायकल, आणि रविवारी तुम्ही पेशंट बसवायचात त्या पडवीत कुणीतरी शिवणकामाचं दुकान थाटलंय. मी दारात घुटमळले तेव्हा आतल्या बाईनं विचारलं, "ब्लाऊज टाकायचाय का?" मी मान हलवली आणि निघाले. हे पत्र त्या पत्त्यावर पाठवलं तर त्याच बाईच्या हातात पडेल, म्हणून पाठवणार नाही. पण लिहिते, कारण मला रागावू शकेल असं आता कुणी उरलेलं नाही. आई थकली आणि तिला माझं काम कधी कळलंच नाही. नवरा म्हणतो, तू उगाच मनाला लावून घेतेस. आणि केंद्रातली सगळी माणसं मी आले की खुर्चीतून उठतात. तुम्ही असतात तर आधी तांब्याभर पाणी पुढे केलं असतंत, सगळं ऐकून घेतलं असतंत, आणि मग माझी बिनपाण्यानं केली असतीत. मला तेच हवंय.

आपल्या कामाचं नाव लोकांना समजावताना तुमची किती चिडचिड व्हायची ते आठवतं. ऑक्युपेशनल थेरपी म्हटलं की समोरचा माणूस कोऱ्या चेहऱ्यानं बघत राहायचा. "म्हंजी नोकरी लावून देता का तुम्ही?" असं पाटसच्या एका म्हाताऱ्यानं खरंच विचारलं होतं, आणि तुम्ही म्हणाला होतात, "व्हय आबा, जुनीच नोकरी परत लावून देते. आंघोळ करायची, कापडं घालायची, आपल्या हातानं जेवायचं." त्याहून सोपी व्याख्या मला अजून कुठल्या पुस्तकात सापडलेली नाही. कुणी फिजिओ म्हटलं की तुमच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, आणि मालिशवाली म्हटलं की तुम्ही दिवसभर कुणाशी धड बोलायचा नाहीत. विहारामागच्या तुमच्या वस्तीतून ही पदवी घेणाऱ्या तुम्ही पहिल्या. वडील रेल्वेत गँगमन. चार-साडेचार वर्षांचं शिक्षण, वर इंटर्नशिप, कौन्सिलची नोंदणी, एवढं सगळं करून आलात आणि मुलगी नक्की काय झाली हे वस्तीत कुणालाच सांगता येईना. मग सगळे सरळ डॉक्टरीणबाई म्हणायला लागले. तुम्ही दर वेळी न कंटाळता दुरुस्त करायचात, "डॉक्टर न्हाई मी. जे हाय ते चांगलं हाय, त्याला दुसऱ्याचं नाव कशाला?" तेव्हा मला तो तुमचा हट्ट वाटायचा आणि थोडं हसूही यायचं.

मी इंटर्नशिपला पुण्याच्या सरकारी रुग्णालयात तुमच्या हाताखाली आले. तुम्ही रोज दौंडहून गाडीनं यायचात, आणि रविवारी दौंडच्या घरी पेशंट बघायचात. "शिकायचंच असेल तर रविवारी ये," म्हणालात. मी शिरूरची. सकाळची एसटी धरायची, न्हावरा, चौफुला, पाटस करत दौंडला उतरायची. हंगाम चालू असला की पाटसच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांमागे एसटी रांगत राही आणि मी पोहोचेपर्यंत तुमचं स्वयंपाकघर भरलेलं असे. अर्धांगवायू झालेल्या बायकांना तुम्ही मणी ओवायला बसवायचा नाहीत, थेट शेगडीपुढं उभं करायचात. एका पाटाला खालून खिळे ठोकून घेतले होते. वर आलेल्या टोकांत कांदा रोवायचा आणि एका हातानं चिरायचा. परातीखाली ओलं फडकं, म्हणजे परात फिरत नाही. एका हातानं थापलेली भाकरी तव्यावर टाकतानाच मोडायची, कधी नुसतीच करपायची. ती तुम्ही ठेच्याबरोबर त्या बाईच्या समोर बसून, तिच्याशी बोलत बोलत पूर्ण खायचात, आणि मलाही वाढायचात. एकदा माझं तोंड वाकडं झालं तेव्हा तुम्ही पदराआडून असा चिमटा काढलात की डोळ्यांत पाणी आलं. ती बाई आजारपणानंतर पहिल्यांदाच भाकरीला बसली होती. "तिखट लागलं का गं पोरी?" असं तीच मला विचारायला लागली.

आणि ते रेल्वेतून निवृत्त झालेले आप्पा. डावी बाजू गेलेली, उजव्या हातानं शर्टाची बटणं लावायचा सराव. मी समोर बसलेली. त्यांची बोटं काजाच्या जवळ जायची, निसटायची, परत जायची, कपाळावर घाम. मला बघवेना. मी पुढं होऊन पटापट बटणं लावून टाकली. तुम्ही आतून आलात, ती सगळी बटणं पुन्हा काढलीत आणि म्हणालात, "आप्पा, पयल्यापासून." मग मला आत बोलावलंत. "दया आली का घाई झाली?" मी म्हणाले, दया. तुम्ही म्हणालात, "खोटं. तुला बघवलं न्हाई. ते तुझं दुखणं झालं. तुझ्या दुखण्याचा इलाज त्यांच्या अंगावर करायचा न्हाई." चिडलात की तुमची पुण्याची भाषा गळून पडायची आणि दौंडची बाहेर यायची. मी तिथंच रडले. तुम्ही समजूत काढली नाहीत. जाताना मात्र हाताला आधार देणारे स्प्लिंटचे पट्टे कापायची तुमची स्वतःची कात्री माझ्या पिशवीत टाकलीत, आणि "धार लावून घे" एवढंच म्हणालात.

पण आज सारखा आठवतोय तो दुसराच एक रविवार. तुमच्या आईला अचानक दवाखान्यात न्यावं लागलं. पडवीत पेशंट येऊन बसलेले, त्यात पाटसहून आलेला एक कामगार, यंत्राच्या पट्ट्यात हात सापडलेला, टाके नुकतेच निघालेले. मी म्हणाले, तुम्ही जा, मी बघते, मला सगळं येतं. तुम्ही चपला घालता घालता म्हणालात, "येत असेल. पण मी खोलीत नसताना तू पेशंटला हात लावायचा नाहीस." आणि सगळ्यांना परत पाठवलंत. तो कामगार बडबडत गेला. एवढ्या लांबून आला होता, त्याचा दिवस बुडाला होता, त्याचं काही चुकलं नव्हतं. मी तोंड फुगवून उभी होते. फाटकापाशी तुम्ही वळून म्हणालात, "हाताखालचं माणूस चुकलं तर ती चूक वर बसलेल्याची. आणि वर कुणी बसलेलंच नसलं तर ती पेशंटच्या गळ्यात पडते. एक रविवार बुडाला तर बुडू दे." मला तेव्हा वाटलं, ही बाई स्वतःच्या नावाला फार जपते. घरी जाताना एसटीत मी तुमच्याबद्दल फार वाईट वाईट विचार केले.

आता मी वर बसलेली आहे. शिरूरला एका ट्रस्टचं केंद्र आहे, त्यांचीच शाखा दौंडला. दोन्हीकडे दारावर माझ्या नावाची पाटी, खाली पदवी आणि नोंदणी क्रमांक. आठवड्याचे काही दिवस इकडे, काही तिकडे. जिथं मी नसते तिथं पाटी असते. एमआयडीसीतून प्रेस मशीनमध्ये बोटं गेलेली बिहारची, ओडिशाची पोरं येतात, खेड्यांतून अर्धांगवायूची माणसं येतात, गर्दी कधी हटत नाही. शिरूरला माझ्या हाताखाली एक मामा होते. मूळचे वडगाव रासाईचे, आधी एका खासगी दवाखान्यात ड्रेसिंग करायचे, मग कुठलासा थोड्या महिन्यांचा कोर्स करून आमच्याकडे लागले. पांढरा कोट, खिशाला पेन, बोलणं गोड. पोरं त्यांना 'डॉक्टरसाब' म्हणायची आणि मामा कधी दुरुस्त करायचे नाहीत. माझ्याहून वयानं पुष्कळ मोठे. मी त्यांना मामा म्हणायची, ते मला मॅडम, दोघं एकमेकांना तुम्ही. मी दौंडला असले की दुपारी फोन करायची, "मामा, सगळं ठीक?" ते म्हणायचे, "एकदम ओक्के, मॅडम." याला आमच्याकडे देखरेख म्हणतात. इतक्या वडीलधाऱ्या माणसाला 'हे तुम्ही का करता' म्हणून विचारायला मला जड जायचं, आणि मला काही विचारायला त्यांना कमीपणा वाटायचा. अशी आम्ही दोघांनी एकमेकांची अब्रू राखली.

यंदाच्या हिवाळ्यात निमोण्याच्या एक बाई आल्या. पूर्वी त्यांच्या घरी मेंढरं होती, आता शेती आणि दुधाच्या म्हशी. चारा कापायच्या कडबाकुट्टीत उजवा हात गेला. नशीब एवढंच की बोटं जागेवर राहिली, पण दोन बोटं मिटवणाऱ्या दोरीसारख्या शिरा तळव्यात कापल्या गेल्या. पुण्यात त्या शिवल्या आणि मग बाईंना आमच्याकडे पाठवलं. तुम्हाला सांगायला नको, अशी शिवलेली शीर किती आठवडे कच्च्या सुतासारखी असते. मी गरम पाण्यात प्लास्टिकचा पत्रा मऊ करून त्यांच्या हाताच्या मागून पट्टा बसवला, मनगट वाकलेलं, बोटं वाकलेली. दुसऱ्या हातानं बोट हळूच मिटायचं, आपोआप पट्ट्याला टेकेपर्यंत उघडू द्यायचं, बस्स. स्वतःहून जोर करून काही धरायचं नाही. त्यांना नीट समजावलं. त्यांनी विचारलं, "धार कवा काढता यील?" म्हटलं, अजून बराच वेळ आहे. "म्हशी दुसऱ्याला हात लावू देत न्हाईत वं," म्हणाल्या. मामा शेजारीच उभे होते. मामांना मी पट्टा कसा बांधायचा ते दाखवलं. तो का बांधायचा, ते सांगितलं नाही. मला वाटलं, माहीत असेल.

मी दौंडला होते त्या दिवशी मामांनी तो पट्टा सोडला. बोटं ताठरलेली दिसली, बाई काळजीत होत्या, आणि मामांना कुणाची काळजी बघवत नसे. त्यांनी कपाटातून मऊ बॉल काढला आणि त्यांच्या तळव्यावर ठेवला. अर्धांगवायूच्या पेशंटला देतात, हाड जुळलेल्याला देतात, मग हिला का नाही. "दाबा ताई, जरा जोर लावा, मोकळी हुतील." त्यांनी जोर लावला. दुसऱ्या दिवशी मी शिरूरला आले तर बाई पट्टा व्यवस्थित बांधून बसलेल्या आणि मधलं बोट आणि शेजारचं बोट सरळ पडलेलं. मी मिटवलं की मिटायचं, सोडलं की तसंच पडायचं. आतली शिवण तुटली होती. मी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "म्याच काढला पट्टा. घरी. बादली उचलली." माझ्याकडे न बघता म्हणाल्या. मामा त्या वेळी खोलीत नव्हते. त्या गेल्यावर ते चहाचा कप घेऊन आले, कप टेबलावर ठेवला आणि उभेच राहिले. "मॅडम, त्यांनी न्हाई काढला. म्या काढला. बॉल दिला. टक् करून आवाज झाला, त्यांना बी कळला, मला बी कळला. म्या रडाय लागलो तर त्याच म्हणल्या, मामा, तुम्ही गप ऱ्हावा, तुमच्या घरी पोरीचं लगीन हाय." एवढं बोलून पांढऱ्या कोटाच्या बाहीनं त्यांनी डोळे पुसले. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण मनात पहिलं आलं ते वेगळंच, की हे आता माझ्या अंगाशी येणार.

केंद्राचे मुख्य डॉक्टर, ज्यांना आम्ही मोठे सर म्हणतो, त्यांना जाऊन सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "पेशंट स्वतःच म्हणतेय ना, मी काढला म्हणून? मग तुम्ही कशाला उकरून काढताय? तुमचं रजिस्ट्रेशन आहे, आपल्या केंद्राचं नाव आहे, मामांचा संसार आहे. आणि तिकडे काय, एक बोट." मी म्हणाले, दोन बोटं. "बरं, दोन," ते म्हणाले. मी त्यांना सांगितलं की लगेच परत शस्त्रक्रिया केली तर काहीतरी आशा आहे, उशीर झाला तर शीर आत ओढली जाते आणि मग अवघड होऊन बसतं. ते म्हणाले, "तर सांगा त्यांना तसं. कारण सांगायची काय गरज आहे?" मी फोन केला. निमोण्याहून बाईंचा नवरा बोलला. "परत पुण्याला? न्हाई वो मॅडम. पयल्या खेपेला सगळं घर हाललं. तुम्ही सांगितलेलं तिनं ऐकलं न्हाई, आता तिचं ती भोगंल. आमचं तुमच्यावर काय म्हणणं न्हाई." म्हणजे बाईंनी मामांसाठी जे खोटं सांगितलं होतं त्यानंच त्यांच्या हाताचा इलाज अडवून धरला होता. आणि ते खोटं मोडणं एवढं एकच माझ्या हातात होतं.

मी निमोण्याला गेले. अंगणात सासूबाई शेंगा निवडत बसलेल्या, नवरा नुकताच रानातून आलेला, बाई डाव्या हातानं चुलीपाशी काहीतरी खटपट करत होत्या. मला बघताच त्यांचा चेहरा उतरला. सासूबाईंनी सुरुवात केली, "बगा मॅडम, म्हशीपायी हिनं हात घालवला. धा जणींनी सांगितलं, पट्टा काढू नगं. पर ही कुणाचं ऐकंल तवा ना." मी उभ्या उभ्याच म्हणाले, "आजी, त्यांनी पट्टा काढला नाही. आमच्या केंद्रात काढला. चुकीचा व्यायाम दिला गेला. चूक माझी आहे." नवऱ्यानं मान वर केली. "तुमची म्हंजी? तुम्ही दिला का व्यायाम?"

"नाही."

"मग तुम्ही व्हता का तिथं?"

"नव्हते. दौंडला होते."

"मग तुमची कशी चूक?"

"नव्हते, तीच."

त्याला ते कळलं नाही. त्यानं दुसरंच विचारलं, "मग कुणी दिला?" आणि मी सांगितलं. सांगावं लागलं, मॅडम. माझं नाव पुढं करून मामांचं झाकता येईल असं मला वाटलं होतं, पण माणसं अशी थांबत नाहीत. बाई चुलीपासून उठून आल्या. इतक्या मवाळ बाई, पण मला म्हणाल्या, "कशाला बोललासा तुम्ही? म्या सांगितलं व्हतं ना तुम्हाला? माझा हात माझा व्हता. त्या मामांचं वाटोळं करून तुमचं काय भलं झालं?" सासूबाई निवडायच्या थांबल्या. नवरा आत गेला, शर्ट बदलून आला आणि म्हणाला, "पुण्याला कवा जायचं?" तेव्हा बाई रडल्या. मी तुम्हाला खरं सांगते, मला त्या क्षणी तुमचा भयंकर राग आला. तुम्ही मला दुसऱ्या कुणासारखं शिकवलं असतंत तर मी त्या अंगणात गेलेच नसते.

पुढचं सगळं भराभर झालं. नवऱ्यानं केंद्रात येऊन आवाज चढवला, ट्रस्टनं गाजावाजा नको म्हणून दुसऱ्या शस्त्रक्रियेची व्यवस्था केली, आणि मामांना त्याच आठवड्यात घरी बसवलं. मी मोठ्या सरांना म्हणाले, काढायचंच असेल तर मला काढा, मामांना मी काही शिकवलंच नव्हतं. ते हसले. "तुम्हाला काढलं तर दोन्हीकडची पाटी उतरवावी लागेल, मॅडम." तेवढ्यावर विषय संपला. माझी नोकरी माझ्या कागदानं वाचवली, आणि मामांचा कागद कमी पडला. मामा मला नंतर शिरूरच्या स्टँडवर भेटले. अंगात साधा सदरा, हातात भाजीची पिशवी. मी पुढं होऊन काही बोलणार तर तेच म्हणाले, "बरं केलंत बोलून. त्या ताईंचा इलाज तरी झाला." मग पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पर मॅडम, एक इचारू? बॉल कवा द्यायचा आन् कवा न्हाई, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. तुम्ही बी न्हाई. का?" त्यांची गाडी लागली आणि ते गर्दीत घुसून चढले. मुलीचं लग्न झालं, मला बोलावणं आलं नाही.

दुसऱ्यांदा शिवलेली शीर पहिल्यासारखी होत नाही हे तुम्हीच शिकवलंत. सर्जन म्हणाले, वाकतील तेवढी वाकतील. बाई परत येऊ लागल्या. माझ्याशी कामापुरतं बोलतात. मी हात पुढे केला की हात देतात, डोळे खिडकीकडे. मामांच्या जागी एक नवी मुलगी आली आहे, तोच थोड्या महिन्यांचा कोर्स केलेली. तिला मी शिकवायला घेतलंय, कारणांसकट, पण शिकायला वेळ लागतो आणि पेशंटना वेळ नाही. दौंडला तर अजून एक जण नवा आहे. त्याला मी आत्तापर्यंत किती वेळा भेटले ते सांगायची मला लाज वाटते.

आज सकाळी मी खांद्याला पर्स अडकवून केंद्रातून स्टँडकडे निघाले होते. दारातच बाई भेटल्या. नवरा त्यांना सोडून परत गेला होता. त्यांनी माझ्या पर्सकडे बघितलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून विचारलं, "मॅडम, आज तुम्ही हाय का?" मी म्हणाले, आज माझा दौंडचा दिवस आहे, आत ती मुलगी आहे, ती चांगली आहे, मी तिला सगळं समजावलंय. त्यांनी पट्टा बांधलेला हात पदराखाली घेतला. रागानं नाही. लहान मूल अनोळखी माणसासमोर खेळणं मागं घेतं तसा. "मग मी उंद्या येते," म्हणाल्या. या आठवड्यात एक दिवसही चुकवून चालणार नाही हे मला ठाऊक आहे, त्यांनाही मी सांगितलेलं आहे. आणि तरी त्या वळल्या होत्या.

मी पर्स खाली ठेवली. आता त्या माझ्यासमोर बसल्या आहेत, डाव्या हातानं उजव्या हाताचं बोट हळूहळू मिटवताहेत, सोडताहेत, आणि मी त्यांच्यावर एक डोळा ठेवून हे लिहितेय. ती नवी मुलगी शेजारी उभी राहून बघतेय. मी तिला म्हटलं, त्यांची घाई झाली तरी तू घाई करायची नाहीस. तुम्ही इथं असतात तर या खोलीत तुम्हाला नावं ठेवायला फार काही सापडलं नसतं असं मला वाटतं.

पण मॅडम, दौंडला आज माणसं आली असतील, आणि तिथं तो नवा एकटाच आहे. पाटसहून, यवतहून, कुणी पहाटे निघून. त्यात नुकते टाके निघालेला एक मुलगाही आहे, त्याला मीच आजचा दिवस दिला होता. सगळ्यांना परत पाठवा, एवढं सांगायला एक फोन पुरेल. मोठे सर चिडतील, माणसं शिव्या देतील, तुम्हाला दिल्या तशा. फोन इथंच टेबलावर आहे, आणि सकाळपासून मी तो उचललेला नाही.